दोन पुडे, वर तीन

तेंदूच्या हंगामात, दुपारी तीनला,
ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सात जण उतरले
ग्रामीण रुग्णालयाच्या पायरीशी.
आग्यामोहोळ उठलं होतं.
कुणी म्हणे बेहड्याखाली विडी पेटवली,
कुणी म्हणे घारीनं झडप घातली.
मोहोळ कशानं उठलं
हा रकाना माझ्या रजिस्टरात नाही.

सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता
कुळमेथेंचा जावई, पतिराम.
एक डोळा मिटलेला, ओठ टम्म,
दोघांनी धरलेला, तिसरा दुपट्ट्यानं वारा घालत.
"मेलो ना वं बाई, मेलो!"
छातीला नळी लावली. घरघर नव्हती.
बीपी जागेवर.
अंगावर अकरा काटे.
एवढा दम असलेला माणूस
आज रात्री तरी जात नाही,
हे मी त्याच्या सासूला सांगितलं,
त्याला नाही.

कोपऱ्यातल्या बाकड्यावर
फुलवंता मडावी.
पानांचं गाठोडं अजून मांडीवर,
पदर कपाळापर्यंत ओढलेला.
"मले काई नाई झालं. आंदी त्याईले पाहा."
लुगड्याला उलटीचा वास.

पदर मागे सारला.
केसांत काळं तीळ सांडावं तसे काटे,
मानेवर, कानामागे, पाठीच्या पन्हाळीत.
काही अजून धडधडत होते,
माशी केव्हाची मेलेली
आणि विषाची पिशवी आपली एकटीच काम करत.

तिच्याच आधार कार्डाच्या कडेनं
एकेक खरवडायला बसले.
"काहून मोजता बाई?
शेकड्यावर भाव हाय का?"
मी हसले, आणि आकडा चुकला.
तो तिनं बरोबर सांगितला.
मग तीच मोजू लागली,
आयुष्यभर पानं मोजलेल्या बाईला
बोटांकडे बघावं लागत नाही.
सत्तरला म्हणाली, "एक पुडा झाला."
बाहेर पतिराम चहा मागत होता.
एकशे चाळीसला, हळू आवाजात, "दोन."
वर तीन निघाले.

डॉक्टर लांजेवार नवे, गेल्याच महिन्यात आलेले.
म्हणाले, सिस्टर, बीपी चांगला आहे, बोलतेय छान,
सकाळी सोडू.
मला झिटरू उसेंडी आठवला.
दोन वर्षांपूर्वी, अशीच दुपार,
हात जोडून, स्वतःच्या पायांनी घरी गेला होता.
तिसऱ्या दिवशी आणला तेव्हा
बोट दाबलं की पायावर खळगा राहायचा
आणि दोन दिवसांत लघवी थेंबभर नाही.
तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.
कुणी म्हणजे मी.

म्हटलं, सर, सलाईन चालू ठेवते,
सहा वाजेपर्यंत थांबू. एक बाटली पाहू.

सहाला बाटली खिडकीशी धरली.
मागे सूर्य, पळसाच्या फांद्यांत अडकलेला.
कोऱ्या चहाचा रंग.
फुलवंतानं मान वळवून पाहिलं:
"हे माहं हाय?"
डॉक्टरांनी बाटली माझ्या हातातून घेतली,
दुसऱ्या हातानं फोन लावला.
गडचिरोलीला मशीन आहे,
रस्ता तीन तासांचा,
एकशे आठ यायला सव्वा तास.

रेफर चिठ्ठीवर वय, वेळ, नाडी.
"इतर" असं लिहिलेल्या बोटभर जागेत
मी आकडा लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या.
गाडीत चढताना ती गाठोड्यासाठी अडली.
"फडीवर द्या बाई. मुंशी नाव लिहून घेते."
दिलं. नाव लिहून घेतलं.

रात्री अकराला पतिराम
सुजलेल्या ओठानं भात खाऊन झोपला.
बाकड्यावरची चादर झटकली
तर अंगठ्यात काहीतरी टोचलं.
ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं,
तिळाएवढं, सुकलेलं.

गडचिरोलीच्या वॉर्डात फोन उचलायला
बराच वेळ लागला.
"मडावी, फुलवंता. हो, मधमाशीवाली.
चिठ्ठीत आकडा आहे बघा.
त्यात एक वाढवा."
पलीकडून कुणी तरुण पोरगी म्हणाली,
एकानं काय फरक पडतो, मॅडम?
मला माहीत नव्हतं.
म्हटलं, तुम्ही लिहा.
मग विचारलं, लघवी कशी आहे आता,
आणि तिनं "थांबा, बघून येते" म्हणून
फोन टेबलावर ठेवला.
तिच्या चपलांचा आवाज
लांब लांब जात राहिला.